ही साडी कुणाची?

गोधडी एकटीने शिवता येत नाही असं काही नाही. माझ्या आजीने कित्येक एकटीने शिवल्यात, भाकरी-कालवण उरकलं की सोप्यात लुगडं अंथरायचं ते दिवेलागणीलाच उठायचं. पण चौघी बसल्या की काम भराभर उरकतं म्हणून बायका एकमेकींकडे जायच्या, आज तुझी तर परवा माझी. इतकं साधं कारण. यातून माणसं जोडली जातायत, वस्ती एक होतेय असलं काही कुणाच्या डोक्यातही नव्हतं. तरीसुद्धा माण तालुक्यातल्या आमच्या गावात कोण कुणाच्या अडीनडीला धावून जाईल असं मला आज कुणी विचारलं तर मी भावकी बघणार नाही, कोण कुणाच्या वाकळेवर, म्हणजे गोधडीवर, शिवायला बसायचं ते आठवीन आणि सांगेन.

हे काम उन्हाळ्याचं. ज्वारी घरात आलेली, रानात फारसं काही नाही, पाऊस लांब. वर्षभर साठवलेलं गाठोडं तेव्हा सुटायचं. त्यात आजीची विरलेली इरकली लुगडी, आजोबांची धोतरं, पोरांचे शर्ट, परकर, बंड्या, उशांचे अभ्रे, काय वाट्टेल ते. सगळ्यात धड असेल ते लुगडं वर, दुसरं खाली आणि मधे बाकीच्या चिंध्या. पण या चिंध्या अशाच टाकून द्यायच्या नाहीत हां, हाताने चाचपत चाचपत लावायच्या, कुठे जाड कुठे पातळ होता कामा नये, शिवणीवर शिवण आली की तिथे सुई अडते म्हणून ती चुकवायची, बटणं आणि हुक आधीच काढून डब्यात ठेवायचे. मग मोठे मोठे कच्चे टाके घालून सगळे थर एकमेकांना धरायचे आणि त्यानंतर खरं शिवण, कडेपासून धावदोरा घेत घेत, गोल फिरत, मध्यापर्यंत. चौघी चार बाजूंना. प्रत्येकीने आपल्या बाजूने टाका घालत सरकायचं, कोपरा आला की शेजारणीच्या ओळीत आपली ओळ मिळवायची. शिवण आत आत जातं तशा बायकाही आत सरकतात आणि शेवटी शेवटी तर सगळ्या त्या वाकळेवरच बसलेल्या असतात, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ.

मला ही रचनाच फार थोर वाटते. सकाळी चार हातांच्या अंतरावर बसलेल्या बायका संध्याकाळपर्यंत कामामुळेच एकमेकींजवळ येतात, कुणाला त्यासाठी वेगळं काही करावं लागत नाही. शिवाय हात गुंतलेले आणि नजर टाक्यावर, त्यामुळे बोलणं सोपं जातं. समोरासमोर बसून डोळ्यात डोळे घालून जे तोंडातून निघत नाही ते खाली मान घालून निघतं, नवऱ्याचं पिणं, पोरीचं मोडलेलं स्थळ, छातीत आलेली गाठ. आणि कुणी दिवसभर एक शब्द नाही बोलली तरी चालतं, तिचा टाका चालू आहे ना, मग ती आहेच आमच्यात.

मधेच एखादीचा हात एखाद्या तुकड्यावर थांबायचा. "ही कुणाची गं?" की लगेच "थोरलीच्या बारशाला घेतलेली", "अगं ती आत्याची, म्हसवडच्या जत्रेतली", आणि मग ती जत्रा, मग आत्या, मग आत्याच्या सासरचे लोक. असं करत करत एका वाकळेत अख्ख्या घराचा हिशोब यायचा. टाका पण ओळखू यायचा. आत्याचा बारीक, एकसारखा. धाकट्या चुलतीचा लांब आणि जरा तिरका. रात्री पांघरून पडलं की मी अंधारात बोट फिरवून ही ओळ कुणाची ते ओळखत बसायचे, आणि ते बहुतेक वेळा बरोबर यायचं. घटस्थापनेच्या आधी गावातल्या झाडून सगळ्या वाकळा ओढ्यावर धुवायला निघायच्या, खडकांवर आणि झुडपांवर वाळत घातलेल्या, तेव्हा कुणाकडे काय आहे आणि कुणाचं काय विरलंय ते आख्ख्या गावाला दिसायचं. त्यात कुणाला लाज वाटत नव्हती, कारण सगळ्यांच्याच जुन्याच्या होत्या.

आता पुण्यात. आमच्या सोसायटीत कपाटं उघडली की साड्या अंगावर पडतात. पूर्वी बोहारीण यायची, जुन्या साड्यांवर स्टीलचं पातेलं, मग ते छोटं का मोठं यावर दारात अर्धा तास घासाघीस, आई तर जरीकाठी साडी शेवटपर्यंत हातात धरून ठेवायची आणि मोठा डबा निघाल्यावरच सोडायची. आता बोहारीण येत नाही, आली तरी वॉचमन आत सोडत नाही. मग जुने कपडे काळ्या पिशवीत भरून जिन्याखाली जातात.

ते तिथून उचलणाऱ्या ताई लातूरकडच्या. त्यांची आई बहात्तरच्या दुष्काळात पोरं घेऊन पुण्यात आली आणि कचरा वेचायला लागली. पुण्यातल्या कचरावेचकांनी 1993 साली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही आपली संघटना बांधली आणि पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था उभी राहिली, जी महापालिकेबरोबर दारोदारचा कचरा गोळा करते. ताई त्यातल्याच. त्या एकदा सहज बोलून गेल्या की कागदाला भाव आहे, पत्र्याला आहे, बाटलीला आहे, पण कपड्याला कुणी हिंग लावून विचारत नाही, आणि त्यात पावसात भिजलेला कपडा म्हणजे नुसतं ओझं. आम्ही ज्याला सुका कचरा म्हणून खाली ठेवतो त्यातली सगळ्यात जड आणि सगळ्यात बिनकामाची वस्तू म्हणजे आमच्या साड्या.

मग एका उन्हाळ्यात मी ग्रुपवर टाकलं की पार्किंगमध्ये बसून गोधडी शिवूया, जुन्या साड्या घेऊन या. पिशव्याच्या पिशव्या आल्या. आम्ही सतरंजी घालून साड्या पसरत होतो आणि ताई ढकलगाडी भिंतीला लावून बघत उभ्या होत्या. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग राहवलं नाही.

"आवं ताई, ही नगा घिऊ. ही नायलानची हाय, सुई सरकती पर टाका बसत न्हाई. धा येळा धुतली की फुगती मधी."

आणि त्या बसल्या. खरं सांगायचं तर त्यानंतर ती गोधडी त्यांनीच उभी केली, आम्ही हाताखाली होतो. प्रत्येक साडी दोन बोटांत धरून चोळून बघायच्या, सुती, सुती, ही मिक्स, ही बाजूला. सुती कापड घाम पितं आणि जितकं धुवाल तितकं मऊ होत जातं, सिंथेटिक साड्यांची गोधडी दिसायला छान दिसते पण अंगावर थांबत नाही, रात्रीत घसरून जमिनीवर. पिशव्या भरभरून साड्या आल्या होत्या आणि त्यातल्या कामाच्या निघाल्या अगदी थोड्या, कारण आमच्या पिढीने सुती नेसलंय कुठे. खरं सुती कापड निघालं ते सासवांच्या आणि आयांच्या गाठोड्यातलं. म्हणून मग त्यांना फोन करून "अहो आई, ती तुमची निळी कुठे घेतली होती" असं विचारणं आलं. सुनेने सासूला स्वतःहून केलेले असे फोन एकीकडेच नाही, बऱ्याच घरांत झाले.

चहा आला तेव्हा मी मुद्दाम लक्ष ठेवून होते, ताईंचा कप वेगळा येतो का म्हणून. नाही आला. पण दुसऱ्या दिवशी दोघीतिघी आल्या नाहीत आणि कारणही सांगितलं नाही. हे मला लिहायलाच हवं, कारण कलेने सगळे भेद गळून पडतात वगैरे जे लिहिलं जातं ते मला पटत नाही. गोधडीवर बसायचं म्हणजे जमिनीवर बसायचं, सगळ्यांनी, आणि कुणाच्या तरी अंगावरचं जुनं कापड हातात घ्यायचं. ज्यांना ते जमत नाही त्या येत नाहीत. ज्यांना जमतं त्यांच्यात मात्र काहीतरी कायमचं बदलतं, हे मी बघितलंय. ताईंचं नाव आता आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे, त्यांच्या मुलीचा निकाल कधी आहे ते माहीत आहे, आणि जिन्याखाली ओल्या चिंध्या टाकायच्या आधी हात थांबतो.

गाडगेबाबांची आठवण इथे येते. अंगावर चिंध्या जोडलेलं वस्त्र, हातात खराटा, आणि जेवायला फुटकं गाडगं. लोकांनी टाकलेलंच सगळं. गावात आले की आधी खराटा हातात घ्यायचे, रस्ता झाडायला लागायचे, बघता बघता गावातले चार लोक झाडायला यायचे, कीर्तन रात्री. आधी हाताला काम, मग बोलणं. मला वाटतं माणसं जमवायची याहून चांगली रीत आपल्याकडे कुणी दाखवलेली नाही.

आता एक मनातलं बोलते. 'टाकाऊतून टिकाऊ' हे आपण शाळेपासून ऐकत आलोय, कार्यानुभवाच्या तासाला आइसक्रीमच्या काड्यांची झोपडी केलेली नाही असा मराठी माणूस विरळा. पण हल्ली मुलांसाठी जे वर्कशॉप होतात त्यातल्या एकात मी बघितलं, मुलांना देण्यासाठी कोऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि कोरे पुठ्ठे विकत आणले होते, एकसारखे, म्हणजे सगळ्यांचे पेनस्टँड एकसारखे व्हावेत. वाईट वाटलं. त्या बाटलीला कुणाचा हात लागलेला नाही, त्या मुलालाही तिच्याबद्दल काही सांगता येणार नाही. त्यापेक्षा आमच्या बिल्डिंगमधली पोरं दिवाळीत किल्ला करतात ना, ते बघा. विटा शेजारच्या बांधकामावरून मागून आणलेल्या, पोतं कोपऱ्यावरच्या किराणावाल्या काकांचं, तळ्यासाठी कुणाच्या तरी आईचा फुटका आरसा, अळीव तिसऱ्या मजल्यावरच्या आजींकडून. ती पोरं किल्ल्यासाठी दारोदार फिरतात म्हणून तर त्यांना सोसायटीतलं प्रत्येक घर माहीत होतं. सामान मागून आणावं लागतं, हीच त्यातली खरी गोष्ट आहे. सामान आयतं दिलं की मागणं संपलं, आणि मागणं संपलं की शेजारही संपतो.

जुन्या कपड्यांचं नवं करण्याचं काम पानिपतला तर प्रचंड होतं, जगभरातले टाकलेले लोकरीचे कपडे तिथे येतात, रंगवार वेगळे होतात, फाडून पिंजून त्यांचा पुन्हा धागा होतो आणि त्याची स्वस्त ब्लँकेटं बनतात, पूर-भूकंपात वाटली गेली ती बरीचशी त्यातलीच असायची. मोलाचं काम आहे, लाखो लोक त्या उबेत झोपले असतील. पण त्या ब्लँकेटकडे बघून ही कुणाची असं कुणी विचारू शकत नाही. गोधडीचं वेगळेपण मला तिथे दिसतं.

आणि हे फक्त आपलंच आहे असंही नाही. कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोडच्या जंगलपट्ट्यात सिद्दी लोक राहतात, ज्यांच्यातल्या अनेकांच्या पूर्वजांना पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलं होतं आणि तिथून निसटून ते घाट चढून वर आले. त्यांच्या बोलीत कोकणी आहे, मराठी आहे, कन्नड आहे, आणि त्यांच्या बायका जी गोधडी शिवतात तिला त्या कवंदी म्हणतात. तीसुद्धा कडेकडून आत आत जाणारी. पण त्यांच्याकडे वरून रंगीत तुकडे असे लावतात की बघत राहावं, आणि चारही कोपऱ्यांना कापडाच्या त्रिकोणी घड्यांची फुलं हवीतच, त्याशिवाय कवंदी पुरी झाली असं मानत नाहीत. सिद्दींमध्ये हिंदू आहेत, मुसलमान आहेत, ख्रिस्ती आहेत, त्यामुळे कुणाच्या कवंदीत चंद्रकोर येते तर कुणाच्या क्रूस, पण शिवायची रीत एकच. 2004 साली या बायकांनी आपली सहकारी संस्था केली.

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात जीज बेंड नावाचं गाव आहे, तिन्ही बाजूंनी नदी. कापसाच्या मळ्यावर गुलाम म्हणून राबलेल्या लोकांची ही वस्ती, गावातल्या कितीतरी जणांचं आडनाव आजही पेटवे, म्हणजे मळ्याच्या मालकाचं. थंडी मरणाची आणि घरांच्या भिंतींना फटी, तर बायकांनी कामावरच्या फाटक्या जीन पँटी, शर्ट, पिठाची पोती जोडून पांघरुणं केली. 1962 मध्ये तिथले काळे लोक मतदार नोंदणीसाठी नदीपलीकडे जायला लागले तेव्हा नदीवरची फेरीबोट बंद झाली, ती परत सुरू व्हायला 2006 साल उजाडलं. त्या काळातच, 1966 मध्ये, त्या भागातल्या बायकांनी फ्रीडम क्विल्टिंग बी ही सहकारी संस्था काढली, स्वतःच्या हाताने कमावलेले पैसे हातात यावेत म्हणून. पुढे 2002 मध्ये त्यांची पांघरुणं ह्यूस्टनच्या आणि मग न्यूयॉर्कच्या मोठ्या म्युझियममध्ये भिंतीवर लागली, लोक त्यांना मॉडर्न आर्ट म्हणायला लागले, 2006 मध्ये पोस्टाची तिकिटं निघाली. मला मात्र त्या सगळ्यातलं एकच पांघरूण राहून राहून आठवतं. मिसूरी पेटवे नावाच्या बाईने 1942 मध्ये, नवरा गेल्यावर, त्याच्या शेतात घालायच्या कपड्यांचं शिवलेलं. गुडघ्यावर झिजलेलं, उन्हाने विटलेलं कापड, तसंच्या तसं.

आमच्याकडे बी विंगमधले काका आले होते. काकू जाऊन वर्ष होत आलं होतं. हातात दोन सुती साड्या, घडी मोडलेली नव्हती. आपल्याकडे गेलेल्या माणसाचे कपडे घरात ठेवत नाहीत, देऊन टाकतात, त्यांनी बाकीचे दिलेही होते, या दोन राहिल्या होत्या. एक तर इतकी छान होती की आम्ही म्हटलं काका ही वर घेऊया, सगळ्यांना दिसेल. ते म्हणाले वर नको, आत घाला, वरचं आधी विरतं. मग त्यांनी स्वतःच चपला काढल्या आणि बसले, आणि बायकांच्या घोळक्यात एक पुरुष बसलाय याचं कुणालाच काही वाटलं नाही. ताईंनी त्यांना सुईत दोरा ओवून दिला. त्यांचे टाके आमच्यात सगळ्यात मोठे आहेत, आणि त्या ओळी कुणी उसवून परत घातल्या नाहीत.

अमेरिकेत एड्सने गेलेल्यांच्या घरच्यांनी, मित्रांनी असंच केलं होतं. क्लीव्ह जोन्स या कार्यकर्त्याची कल्पना. एकेका माणसासाठी सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद, म्हणजे साधारण कबरीएवढा तुकडा, त्यावर त्याचे शर्ट, त्याच्या जीन्स, त्याचं नाव. 1987 च्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉलवर ते अंथरले तेव्हा 1920 तुकडे होते. सरकारला जे लोक दिसत नव्हते ते जमिनीवर पसरून दाखवावे लागले.

पैशाचा प्रश्न येतोच. आमच्या गोधडीचा फोटो बघून ऑर्डरी आल्या, चांगल्या किमतीला, आणि आमच्यात दोन तट पडले. मला विकण्याबद्दल तक्रार नाही, पुण्यात रस्त्याच्या कडेला बसून गोधड्या शिवणाऱ्या बायकांचं पोट त्यावर चालतं आणि त्यांना आज मिळते त्याहून कितीतरी जास्त मजुरी मिळायला हवी, ऑनलाइन 'हँडमेड' म्हणून हजारोंनी विकणाऱ्यांनी तर नक्कीच द्यायला हवी. पण फ्रीडम क्विल्टिंग बीला जेव्हा मोठ्या दुकानांची कामं मिळाली तेव्हा दुकानांना सगळा माल एकसारखा हवा होता, मापात, ठरल्या डिझाइनचा, आणि मनाला येईल तसं शिवणाऱ्या त्या बायकांना आपला हात आवरावा लागला. पैसे आले, ते गरजेचेच होते, पण पांघरुणातली ती प्रत्येकीची ओळख त्या मालात नव्हती. म्हणून आमच्यात असं ठरलं की ज्यांना विकायला शिवायचंय त्यांनी वेगळी बैठक धरायची, भाव ताई ठरवणार आणि मजुरी आधी हातात. सगळ्यांची म्हणून जी असेल ती विकायची नाही.

ती कुणाच्या घरी ठेवायची यावरही वाद झाले, क्लब हाऊसमध्ये काचेत लावूया अशीही सूचना आली. काचेत ठेवायला माझा ठाम विरोध होता आणि अजून आहे. सध्या ती ज्या घरी बाळंतीण असेल, आजारी माणूस असेल, नाहीतर पाहुणे जास्त झाले असतील तिथे जाते, आणि धुऊन परत येते. वापरून एका कडेला विरायला पण लागली आहे, तिथे ठिगळ लावायला लागेल.

पुढची गोधडी ताईंच्या घरची, त्यांच्या वस्तीतल्या समाजमंदिरात बसायचंय, मुलांच्या परीक्षा झाल्या की. येणाऱ्यांनी आपली सुई आणायची, लांब, जाड नाक्याची. दोरा सुती, नायलॉनचा नको, तो कापड कापतो. चटया तिथे आहेत. कापड आणू नका असा ताईंचा निरोप आहे, गाठोडं त्यांच्याकडे त्यांच्या आईपासूनचं आहे आणि त्यातलं काय घ्यायचं ते त्याच ठरवणार.